फॉन्ट लिपीचा की भाषेचा?

पाकळीचा ल आणि देठाचा श या मराठी वळणाच्या अक्षरांवरून अधूनमधून वाद पेटतो. एखादी नवी पाटी लागते, एखादं पत्रक निघतं, एखाद्या ॲपमधला मराठी मजकूर समोर येतो, त्यात हिंदी वळणाचा ल दिसतो आणि दोन बाजू लगेच उभ्या राहतात. एक म्हणते, हे मराठीवरचं आक्रमण आहे. दुसरी विचारते, वाचता येतंय ना, मग तक्रार कसली? मला या दोन्ही बाजूंचं म्हणणं अपुरं वाटतं. पहिली बाजू एका अक्षराच्या वळणावर सगळी ताकद खर्च करते आणि ज्या बारीक खुणांनी मराठीत अर्थच फिरतो, त्या मोडल्या तरी गप्प राहते. दुसरी बाजू ‘वाचता येणं’ हीच पुरेशी कसोटी मानते, आणि तीवर उतरत नाही असा छापील मजकूर फारसा सापडणारच नाही. माझी भूमिका अशी की फॉन्ट नुसता लिपीसाठी करून भागत नाही, तो भाषेसाठी करावा लागतो. त्याची खरी परीक्षा अक्षरांच्या डोक्यावर आणि पायाशी बसणाऱ्या खुणांवर होते: देवनागरीत अनुस्वार, रफार, अर्धचंद्र, रोमन लिपीत उच्चार दाखवणाऱ्या शेकडो टोप्या, ठिपके, शेपट्या. हा प्रश्न आपल्या एकट्याचा नाही. युरोपातल्या लहान भाषांनी आणि व्हिएतनामीने तो आपल्या आधी भोगला आहे, आणि त्यांच्या अनुभवातून आपल्याला नेमकं काय मागायचं ते कळतं.

रोमानियनचंच बघा. या भाषेत एस आणि टी या अक्षरांखाली स्वल्पविरामासारखी सुटी खूण येते. तिच्यामुळे एसचा उच्चार श होतो आणि टीचा त्स. तुर्कीतही एसखाली खूण असते, पण ती अक्षराला चिकटलेली आणि आकड्यासारखी वळलेली, जिला सेडिला म्हणतात. मध्य आणि पूर्व युरोपातल्या भाषांसाठी १९८७ मध्ये आयएसओ ८८५९-२ ही संकेतावली, म्हणजे संगणकासाठी अक्षरांना आकडे नेमून देणारी यादी, ठरली, तेव्हा रोमानियनची ही अक्षरं सेडिलावाली म्हणून नोंदली गेली. ज्यांनी नोंद केली त्यांना बहुधा फरक क्षुल्लक वाटला असेल. पुढे अनेक फॉन्टांमध्ये टीखाली स्वल्पविराम काढला गेला आणि एसखाली सेडिला. ‘विज्ञान’ या अर्थाचा रोमानियन शब्द श्तिइन्त्सा असा उच्चारतात आणि त्यात ही दोन्ही अक्षरं येतात. म्हणजे एकाच शब्दात एकच खूण दोन वेगळ्या वळणांनी छापली जात होती. शाळेत मुलांना एक वळण शिकवायचं आणि छापील पानावर दोन दाखवायची, अशी अवस्था. युनिकोड या जगभरच्या लिप्या सामावणाऱ्या संकेतावलीने १९९९ मध्ये ३.० आवृत्तीत स्वल्पविरामवाल्या अक्षरांना स्वतंत्र जागा दिली, पण जागा मिळाली म्हणून अक्षर पडद्यावर उमटत नाही. त्या काळातल्या विंडोजच्या नेहमीच्या फॉन्टांत ती नव्हती. १ जानेवारी २००७ रोजी रोमानिया युरोपीय संघात गेला आणि त्या सुमारास मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीसाठी फॉन्टांची खास दुरुस्ती दिली. मधल्या वर्षांत असंख्य लोकांनी खुणा न घालताच लिहायची सवय लावून घेतली. जुना मजकूर एका संकेतात, नवा दुसऱ्यात, आणि शोधताना एक टाकला तर दुसरा सापडत नाही हा त्रास पुष्कळ वर्षं मागे लागला.

हे वाचून मराठी माणसाला ॲ आठवायला हवा. ॲसिड, ॲप, ॲड्रेस हे शब्द आपण रोज लिहितो. युनिकोडमध्ये ॲ हे स्वतंत्र अक्षर २००८ साली ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधी अ लिहून त्यावर अर्धचंद्र चढवावा लागे. कुठे तो नीट बसे, कुठे अ आणि चंद्र यांच्यामध्ये ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ उगवे. आजही दोन्ही पद्धतींचा मजकूर शेजारी शेजारी नांदतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला दोन वेगळे शब्द. दस्तऐवजांच्या साठ्यात शोध घेणाऱ्याला अर्धेच कागद सापडतात आणि उरलेले अर्धे आहेत हेसुद्धा त्याला कळत नाही. ‘वाचता येतंय ना’ म्हणणाऱ्यांनी याचं काय उत्तर द्यायचं?

पण त्यांचा मुद्दा मी झटकून टाकत नाही, कारण तो भक्कम आहे. माणूस सुटं अक्षर वाचत नाही, शब्द वाचतो, संदर्भ वाचतो. एखादी खूण निसटली तरी मन ती भरून घेतं. व्हिएतनामी लोक मोबाइलवर सर्रास खुणांविना लिहितात आणि एकमेकांना समजतं. फ्रेंचमध्ये टंकलेखन यंत्रांच्या काळापासून मोठ्या अक्षरांवरच्या खुणा गाळायची सवय रुजली आणि म्हणून काही फ्रेंच भाषा बुडाली नाही. मात्र फ्रेंच अकादमीचं म्हणणं आजही हेच आहे की मोठ्या अक्षरावरची खूण हा शुद्धलेखनाचाच भाग आहे, ती गाळली तर वाचक अडखळतो. मनाने भरून घेण्याची ही मुभा प्रत्येक भाषेत, प्रत्येक खुणेला सारखी मिळत नाही, आणि नेमका तिथेच हा मुद्दा अपुरा पडतो.

‘शर्तींवर’ हा शब्द जवळून पाहा. त वर दुसरी वेलांटी आहे, तिची कमान शिरोरेघेच्या वर गेली आहे. त्याच दांड्याच्या माथ्यावर रफार बसतो आणि रफाराच्या कुशीत अनुस्वार. शिरोरेघेच्या वरच्या चिंचोळ्या पट्टीत तीन खुणा. फॉन्ट करणाऱ्याने वेलांटीची कमान ठेंगणी केली नसेल, रफाराला थोडं डावीकडे सरकवलं नसेल, तर अनुस्वार रफाराला चिकटतो. छोट्या टायपात तो रफाराची जाड शेपटी वाटतो आणि नाहीसा होतो. असली दाटी हिंदीतही होते; ‘शर्तों’ मध्ये मात्रा, रफार आणि अनुस्वार असे तिघे आहेतच. पण हिंदीत तो ठिपका उडाला तरी वाचक बिनचूक वाचतो, कारण त्या जागी ठिपक्याविना दुसरं रूप जवळपास येतच नाही. मराठीत ‘शर्तीवर’ हेही बरोबर आणि ‘शर्तींवर’ हेही बरोबर. एक शर्त की अनेक, याचा निवाडा फक्त त्या ठिपक्यावर आहे. भाडेकरारात, कर्जाच्या कागदावर, न्यायालयाच्या निकालपत्रात हा फरक क्षुल्लक मानायचा का? ‘त्याचा’ आणि ‘त्यांचा’ यात तर वचनाबरोबर आदरही त्या ठिपक्यावर टांगलेला असतो. लिपी एक, खूण एक, आकारही एक. तरी हिंदीत तिच्यावर जेवढं ओझं आहे त्यापेक्षा मराठीत जास्त आहे. ‘देवनागरी चालते’ असं प्रमाणपत्र दिलेला फॉन्ट मराठीसाठी नापास का होऊ शकतो, ते इथे कळतं.

दुसरा दाखला शाळेतला आहे: आचार्यांना दक्षिणा द्यायची आणि आचाऱ्यांना पगार. पहिल्यात र डोक्यावर रफार होऊन बसतो, दुसऱ्यात तो य च्या डावीकडे आडव्या कोयरीसारखा उभा राहतो. दर्या आणि दऱ्या, यांत समुद्र आणि डोंगर यांच्यामधलं अंतर आहे. हा दुसरा र हिंदीला लागत नाही. मराठीला लागतो, नेपाळीला लागतो. हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या फॉन्टात तो विसरला जाणं किंवा शेवटी कसाबसा बसवला जाणं स्वाभाविक होतं, आणि तसं झालंही. ‘वाऱ्यावर’ चं ‘वार्यावर’ झालेलं आपण इतक्या वेळा पाहिलं आहे की नव्या पिढीतली मुलं परीक्षेच्या वहीतही तसंच लिहू लागली आहेत. त्या मुलांना बोल लावायचा की यंत्राने त्यांच्यापुढे जे ठेवलं त्याला?

यावर सुधारणावाद्यांचा एक प्रतिवाद आहे आणि मला तो सगळ्यात गंभीर वाटतो. ते म्हणतात, लिपी ही यंत्राबरोबर बदलतच आली आहे. खुणा अवघड असतील तर त्या कमी करा, यंत्राला कशाला वाकवता? या म्हणण्यामागे मोठा इतिहास आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं. भाषा मराठी, ओव्या मराठी, आणि अक्षरं रोमन. कारण स्टीफन्सनीच १६०८ च्या एका पत्रात नोंदवलं आहे: इथल्या लिपीत छापायची इच्छा होती, पण तिच्यासाठी सहाशेच्या घरात साचे ओतावे लागतील, युरोपातल्या चोवीस अक्षरांसारखं ते सोपं नाही. मग रोमनमध्ये ट, ड, ण, ळ दाखवायला त्यांनी अक्षर दुप्पट करण्याची युक्ती वापरली. तीन शतकांनी सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत असताना लिपिसुधारणेची चळवळ चालवली. अि, अी, अु, अू, अे अशी अ ची बाराखडी मांडली, म्हणजे वेगवेगळ्या स्वरांचे छपाईचे वेगळे खिळे लागणार नाहीत. हेतू स्वच्छ होता: देवनागरी छपाईत मागे पडू नये. काही नियतकालिकांनी ती बाराखडी कित्येक वर्षं वापरली. टिळकांनीही खिळ्यांची संख्या आटोक्यात आणायची खटपट केली होती. ही माणसं मराठीवर प्रेम करणारी होती, आणि त्यांच्यापुढची अडचण खरी होती.

पण पुढे काय झालं? खिळे गेले, ऑफसेट आलं, संगणक आला आणि अ ची बाराखडी आपसूक मावळली. ती टिकवा म्हणून कोणी आंदोलन केलं नाही, कारण जिच्यासाठी तडजोड केली ती अडचणच उरली नाही. व्हिएतनामीची गोष्ट आणखी बोलकी आहे. सतराव्या शतकात पोर्तुगीज आणि इतर मिशनऱ्यांनी ही भाषा रोमन अक्षरांत बसवली. अलेक्झांद्र द रोद यांचा व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन कोश १६५१ मध्ये रोममध्ये छापला गेला. या लिपीत बारा स्वर आणि सहा सूर, म्हणजे आवाजाचे चढउतार, आहेत. पाच सुरांना खूण, एक बिनखुणेचा. स्वराची स्वतःची टोपी आणि तिच्यावर सुराची खूण, अशी दोन मजली अक्षरं जागोजागी येतात. तारयंत्राच्या आणि टेलेक्सच्या काळात ही अक्षरं पाठवणं अशक्य होतं. मग एकच स्वर दोनदा टाकायचा, सुरासाठी शेवटी एखादं व्यंजन जोडायचं, असा संकेत ठरला. थेट स्टीफन्सच्या युक्तीचीच आठवण व्हावी! पण तो संकेत त्यांनी तारेपुरता ठेवला, पुस्तकात येऊ दिला नाही. आज तीच ‘टेलेक्स’ पद्धत व्हिएतनामी टायपिंगची लोकप्रिय पद्धत आहे: बोटं सोपं टाकतात, पडद्यावर पूर्ण अक्षर उमटतं. यंत्राची मर्यादा यंत्रापाशीच थांबवली तर भाषेचं काही बिघडत नाही, हे याहून चांगलं कुठे दिसेल?

म्हणजे खुणा कधीच सोडू नयेत का? तसं मी म्हणत नाही. ग्रीकने १९८२ मध्ये स्वरांवरच्या जुन्या नाना तऱ्हेच्या आघातखुणा सोडून एकच ठेवली. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, आणि त्यानंतर मराठी लिहिणं सोपं झालं. या दोन्ही ठिकाणी खुणेमागचा उच्चार शतकांपूर्वीच विझला होता. भाषा बोलणाऱ्यांनी आपसांत वाद घातला, हरकती ऐकल्या, आणि निर्णय घेतला. फॉन्टात जागा नाही म्हणून खूण जाणं ही सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. त्यात भाषेला कोणी विचारतच नाही. १९९१ मध्ये युरोपीय समुदायाने स्पेनला सांगितलं की एनवर नागमोडी रेघ असलेलं अक्षर कळफलकावर असलंच पाहिजे ही तुमची सक्ती व्यापाराच्या आड येते. स्पेनने ऐकून सोडून दिलं नाही. १९९३ मध्ये फर्मान काढून ती सक्ती कायम ठेवली. एका अक्षरासाठी एवढा अट्टहास कशाला, असं तेव्हाही विचारलं गेलं असेलच. ते अक्षर त्या देशाच्या नावातच बसलेलं आहे.

आता पहिल्या बाजूकडे, म्हणजे आपल्या आग्रही मित्रांकडे वळतो. स्थानिक वळण हा कायदाच आहे, असं त्यांना वाटतं. पोलिशचा अनुभव यावर विचार करायला लावतो. पोलिशमधली तिरकी रेघ फ्रेंच रेघेपेक्षा उभट असते आणि अक्षरावर थोडी उजवीकडे बसते, असं तिथले अक्षररचनाकार सांगतात, आणि छापील परंपरा पाहिली तर ते खरं आहे. पण फ्रेंच कोनातली रेघ आली म्हणून सर्वसाधारण पोलिश वाचक थांबत नाही. त्याउलट ए आणि ई या अक्षरांच्या उजव्या पायातून निघणारी शेपटी मधोमध सेडिलासारखी चिकटवली, तर पोलिश माणसाला ते अक्षर परकं वाटतं. चेकमध्ये डी आणि टी या उंच अक्षरांवर टोपीला जागा नसते, म्हणून ती अक्षराच्या खांद्याशी बारीक रेघ होऊन येते. परक्या रचनाकाराने तिथे सरळ अपॉस्ट्रॉफी बसवला की शब्दात भोक पडतं, एका शब्दाचे दोन भासतात. सगळ्या चुका एका तोलाच्या नसतात. आधी पाहायचं, अर्थ बदलतो का. मग शब्द फुटतो का. आणि मग वळण हाताच्या सवयीला धरून आहे का.

या क्रमाने पाहिलं तर ल आणि श शेवटच्या पायरीवर येतात. वळण चुकलं तरी अर्थ बदलत नाही, शब्द फुटत नाही. तरीही ते बरोबर असावं असं माझं ठाम मत आहे, कारण मूल पाटीवर जे गिरवतं तेच त्याला पडद्यावर दिसायला हवं, आणि महाराष्ट्र शासनाच्या २००९ आणि २०२२ च्या निर्णयांनीही पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची रूपं मानली आहेत. पण इथे एक गोष्ट आपल्याला कोणी सांगत नाही. चांगल्या देवनागरी फॉन्टांत ही मराठी रूपं बऱ्याचदा आधीच असतात. ओपनटाइप या फॉन्टांच्या प्रचलित स्वरूपात भाषेनुसार रूप बदलण्याची सोय आहे: मजकूर मराठी आहे असं कळलं की ल आपोआप पाकळीचा होतो. कळत नाही, कारण आपण सांगत नाही. कितीतरी मराठी संकेतस्थळांच्या पानांवर भाषा म्हणून इंग्रजी नोंदलेली असते, नाहीतर हिंदी, नाहीतर काहीच नाही. दस्तऐवजाची भाषा मराठी अशी निवडायची तसदी कचेरीतही क्वचितच घेतली जाते. मग फॉन्ट आपलं मूळ रूप दाखवतो आणि आपण दिल्लीला दोष देतो. ज्या वादावर एवढी शाई सांडली, त्याचा मोठा भाग आपल्याच हातातल्या एका नोंदीने मिटण्यासारखा आहे.

राहिला खर्चाचा मुद्दा. एकट्या रचनाकाराला शंभर भाषांचे बारकावे कसे कळणार? देवनागरीत शेकडो जोडाक्षरं, त्यावर खुणा. काम महिनोन्‌महिने चालतं आणि फॉन्ट विकत घेणारे मोजके. हे खरं आहे, आणि या लोकांची मेहनत मी कमी लेखत नाही. पण खर्च वाढतो तो खुणा शेवटी केल्यामुळे. घर बांधून झाल्यावर जिना कुठे घालायचा हे ठरवण्यासारखं ते आहे. शिरोरेघेच्या वर किती जागा लागेल हे मराठीतला सगळ्यात दाट शब्द मांडून आधी ठरवलं, तर अक्षराची उंची, ओळींमधलं अंतर, सगळं त्यातून निघतं. चेक रचनाकार व्होयतेख प्रेइसिग यांनी १९२५ च्या आपल्या टायपात खुणा अक्षराच्याच जोमात, त्याच कोनदार वळणात कोरल्या. चेक पान म्हणूनच त्यात एकसंध दिसतं. आपल्याकडे अक्षररचनाकार र. कृ. जोशी हे जन्मभर हेच सांगत राहिले की भारतीय लिपी रोमनच्या चौकटीत कोंबू नका. बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरचा तीन खंडांचा ग्रंथ भाषा संचालनालयाने १९७१ मध्ये काढला. मुंबईतल्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेसारख्या मंडळींनी मराठीची रूपं लक्षात घेऊन मुक्त परवान्याचे फॉन्ट केले. ज्ञान आहे, माणसं आहेत.

नसते ती मागणी. फॉन्टाच्या जाहिरातीत ‘अमुक इतक्या भाषांना आधार’ असा आकडा असतो आणि तो आकडा मोजताना बहुतेक वेळा एवढंच पाहिलेलं असतं की अमुक संकेताच्या जागी काहीतरी चित्र आहे. ते चित्र शेजाऱ्याला धडकतं का, ओळीच्या चौकटीत कापलं जातं का, हे त्यात येत नाही. मोबाइलवरच्या बटणांत देवनागरी वरून-खालून कापली जाते, म्हणून गूगलच्या नोटो या फॉन्टमालिकेत ‘यूआय’ नावाची आटोपशीर देवनागरी वेगळी करावी लागली होती. म्हणजे चौकट रोमनच्या मापाची आणि आकसायचं देवनागरीने. मागणी करणारा ग्राहक असता तर चौकट वाढली असती. तो ग्राहक महाराष्ट्रात आहे: राज्य शासन, पाठ्यपुस्तक मंडळ, विद्यापीठं, न्यायालयं, बँका, वृत्तपत्रं. या सगळ्यांच्या खरेदीच्या अटींत एका पानाचा कसोटी मजकूर जोडता येईल. त्यात ‘शर्तींवर’ असावा, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ शेजारी शेजारी असावेत, ‘ऱ्हास’, ‘तऱ्हा’, ‘ॲड्रेस’, ‘ऑर्किड’, ‘कीर्तींचा’, ‘दुःख’, ‘वाङ्मय’ असावेत, आणि तो मजकूर नऊ पॉइंटाच्या बारीक टायपात छापून, स्वस्तातल्या फोनवर उघडून, दोन्हीकडे वाचला जावा. वाचणारे चारजण असावेत: एक शाळेतले शिक्षक, एक डीटीपीवाले, एक मुद्रितशोधक आणि एक साठीपुढचा वाचक. जो फॉन्ट यात उतरणार नाही त्याला काम देऊ नये, मग त्याच्या वेष्टनावर कितीही भाषांची नावं असोत.